टेबलावर पडलेलं फूल

रेणू माझ्याकडे पहिल्यांदा आली ती कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट करून घ्यायला. मी तेव्हा काम सोडून घरी बसलो होतो. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी चित्रांच्या फ्रेमा करण्यात गेली. आता गॅरेजमध्ये करवत, रंधा आणि थोडं वाळलेलं लाकूड आहे. ओळखीतलं कोणी आलं तर करून देतो.

तिने सांगितलेलं माप मला पटेना. मूळ चित्राचं माप तिच्या फोनवर होतं आणि ती त्याच्या निम्म्याहून लहान चौकट मागत होती.

“नक्कलच करायची तर तेवढीच कर की,” मी म्हटलं.

“म्युझियमचा नियम आहे, काका. मूळ चित्राएवढी नक्कल चालत नाही. लहान करा नाहीतर मोठी.”

“मग मोठी कर.”

“मोठी नागपूरला कशी नेऊ? बॅगेत बसायला पाहिजे. आईला द्यायचंय.”

मी चौकट केली. कोपऱ्यांत पाचरी ठेवल्या, म्हणजे कापड सैल पडलं तर ठोकून पुन्हा ताणता येतं. तिने प्रत्येक सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. मान हलवली आणि घेऊन गेली. काम तपासून घेणारं माणूस मला आवडतं.

रेणू नागपूरच्या महाल भागातली. वडील ती लहान असतानाच गेले. आई शोभनाताई मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवायच्या. भरतकामाचे नमुने त्या स्वतः काढत आणि निळ्या कार्बनने कापडावर उतरवत. रेणू ते गुलाब आणि त्या वेली बघत वाढली. पुढे कला महाविद्यालयात शिकली, एका जाहिरात कंपनीत लागली, मग संजीवशी लग्न होऊन त्याच्यामागे इकडे आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरी करता येत नसे. अशा किती बायका घरात बसून राहिल्या, ते आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. कोणी मंडळाच्या नाटकात शिरली, कोणी नुसती खिडकी बघितली. रेणू फुलं काढत बसली. कामाची परवानगी मिळाल्यावर तिने तळघरात मुलांचा चित्रकलेचा क्लास काढला. ओक ट्री रोडच्या आजूबाजूला बऱ्याच घरांना तो क्लास माहीत आहे. तिथे खोडरबर मिळत नाही. “चुकलंय ना, मग ते चुकलेलं नीट बघ,” असं ती मुलांना सांगते. काही आयांना ते रुचलं नाही, त्यांनी मुलं काढून घेतली.

न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये बसून नक्कल करायची परवानगी तिला बऱ्याच प्रयत्नांनी मिळाली. आठवड्यातून एक दिवस, मंगळवार. ओला कॅनव्हास ट्रेनमधून परत आणायचा म्हणजे कोणाची तरी बाही रंगणार. मी एक पेटी केली. आत खाच, खाचेत चौकट अडकते आणि रंगाला काही लागत नाही. पेटी जड झाली, म्हणून पहिल्या मंगळवारी मी धरायला गेलो. नंतर सवय लागली.

चित्र फ्रेंच आहे, एकोणिसाव्या शतकातलं. चित्रकाराचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. साध्या काचेच्या भांड्यात गुलाब आहेत. पांढरे, फिके गुलाबी, एक पिवळा. मागे राखाडी-तपकिरी रंग, ती भिंत आहे की नुसती हवा ते कळत नाही. पुढे टेबल. टेबलावर थोड्या पाकळ्या आणि एक अख्खं फूल पडलेलं. एवढंच.

“यात राजा नाही, लढाई नाही,” मी ट्रेनमध्ये म्हटलं. “लोक थांबून काय बघतात?”

“तेव्हाचे पॅरिसवालेही तेच विचारायचे. इतिहासाची, देवादिकांची चित्रं सगळ्यात वर. फुलं, फळं, भांडी सगळ्यात खालच्या पायरीवर.”

“मग काढायचे कशाला?”

“घरात लावायला हवी असायची ना लोकांना. आणि लियाँ म्हणून गाव आहे, तिथे रेशमाच्या मागांना नमुने लागायचे. तिथल्या शाळेत फुलं काढायचं शिक्षण द्यायचे. आईसारखंच. आईची फुलं फ्रॉकवर गेली, यांची इथे भिंतीवर आली.”

मी बाकावर बसून तिचं काम बघायचो. सावकाश चालायचं. पांढऱ्या गुलाबाला तिने पांढरा रंग जवळजवळ लावलाच नाही. राखाडी, थोडा हिरवा, थोडा पिवळा, असं करत निम्मं फूल उभं राहिलं आणि शेवटी एका कडेला पांढऱ्याचा एक फटकारा. तोही पुसून पुन्हा लावला. येणारे-जाणारे मागे थांबत, फोटो काढत, ती वळून बघत नसे. दिवसभरात एक पाकळी झाली तर चांगला दिवस म्हणायची. मला पटायचं. सांधा बसेपर्यंत घासावा लागतो, घाई केली की फट राहते.

घरी तिने दुकानातून तसेच गुलाब आणून तशाच भांड्यात ठेवले होते. ते कसे उमलतात, कसे झुकतात, आधी कोणतं गळतं, हे ती बघत असे.

“आमच्याकडे फुलांचं पोस्टमॉर्टेम चालतं, काका,” संजीव म्हणायचा. तो सॉफ्टवेअरमधला, सरळ माणूस. “देव्हारा कोरडा आणि डायनिंग टेबलवर बाग. जेवायचं कुठे तर सोफ्यावर.”

“तो चित्रकार समोर खरी फुलं ठेवून काढायचा,” रेणू म्हणाली. “गुलाब थांबत नाही. पूर्ण उमललेलं आधी गळतं, कळी मागे राहते. म्हणून मी क्रम लावलाय. आधी जे पडणार ते आधी काढायचं. कळ्या शेवटी.”

“पण तुझ्या समोर तर चित्र आहे. त्यातली फुलं थोडीच पडतात?”

“त्याने ज्या क्रमाने काढली असतील त्या क्रमाने काढली की हात बरोबर पडतो.”

हा तिचा नियम. तिच्या मुलीने, अनयाने, तो इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवला होता.

मंगळवारी संध्याकाळी घरी पोचल्यावर रेणू पेटी उघडायची आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे बुधवारची सकाळ, शोभनाताईंची पूजा नुकतीच झालेली. कॅनव्हास फोनपुढे धरायचं काम माझ्याकडे.

“काका, थोडं वर धरा. हां. आता खाली,” शोभनाताई हुकूम सोडायच्या. मला त्या काका म्हणायच्या, वयाने माझ्याएवढ्याच असून. “हा पिवळा छान झाला. पण तो खाली कोण पडलाय?”

त्या दिवशी रेणूने त्यांना मूळ चित्राचा फोटो दाखवला होता.

“ते तसंच आहे आई, मूळ चित्रात.”

“असू दे. तू काऊन काढतेस? पडलेलं फूल देवाला चालत नाही, भिंतीवर कसं चालेल?”

“देवाला नाही वाहायचंय ते.”

“माझ्या घरात देवाच्या समोरच लागणार आहे. पडलेला चालतो तो एकटा प्राजक्त.”

मागून रेणूचा भाऊ परीक्षित ओरडला, “आई, प्राजक्ताचं नाव नको काढू! ताई, आज पुन्हा भांडण झालं.”

हे भांडण जुनं होतं. शोभनाताई रोज पहाटे पिशवी आणि आकडीची काठी घेऊन फुलं गोळा करायला निघत. शेजारच्या पद्मिनीकाकूंच्या कंपाउंडमध्ये प्राजक्त होता, त्याची एक फांदी रस्त्यावर आलेली. झाडाचं फूल तोडलं तर चोरी, हे शोभनाताईंना मान्य होतं. रस्त्यावर पडलेलं वेचलं तर चोरी नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त फुलं पडायला उशीर झाला तर त्या काठीने फांदी हलवून घ्यायच्या.

“तिने खिडकीतून पाहिलं,” शोभनाताई हसत सांगू लागल्या. “म्हणे, शोभना, लाज नाही वाटत? मी म्हटलं, पडली बाप्पा, मी काय करू? पडलेला प्राजक्त कोणाच्या मालकीचा नसतो.”

हसता हसता त्यांना खोकला लागला. बराच वेळ थांबला नाही. परीक्षितने फोन बाजूला ठेवला आणि आम्हाला नागपूरचं छत दिसत राहिलं.

तो खोकला साधा नव्हता. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. वसंत संपेपर्यंत घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कॉलमध्ये त्याची घरघर सतत ऐकू यायची. फुलं आणायला जाणं बंद झालं. परीक्षित बाजारातून पुडी आणायचा आणि शिव्या खायचा, की ही फुलं फ्रिजमधली आहेत, यांना जीव नाही.

रेणूने जायला हवं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. गेली तर परत येण्यासाठी तिकडे नवा शिक्का घ्यावा लागणार आणि त्याची अपॉइंटमेंट महिनोन् महिने मिळत नव्हती. ओळखीतली एक मुलगी लग्नाला म्हणून गेली ती तिकडेच अडकली होती, तिचं बाळ इकडे. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता, त्याच्यासोबत प्रवासाच्या परवान्याचाही. तो आला की जा-ये मोकळी. त्याआधी देश सोडला तर परवान्याचा अर्ज बाद धरतील, असं वकिलाने सांगितलं होतं.

मी पेटीची कडी दुरुस्त करून द्यायला गेलो तेव्हा तिघं टेबलाशी बसले होते.

“मी नाही म्हणत नाहीये,” संजीव म्हणाला. “पण वकील म्हणतो थांबा, कधीही येईल. तू तिकडे सहा-आठ महिने अडकलीस तर अनयाचं काय? क्लासचं काय?”

“जस्ट गो, आई,” अनया म्हणाली. “आय कॅन मेक माय ओन लंच.”

“तुम्हाला काय वाटतं, काका?” संजीवने मला विचारलं.

“माझा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. माझं बोलणं सोपं आहे,” मी म्हटलं. “पण मी असतो तर गेलो असतो.”

रेणूने आईलाच विचारलं, पुढच्या मंगळवारी. तिथेच चुकलं. आपल्याकडे आईला असं विचारायचं नसतं, कारण आई काय उत्तर देणार ते ठरलेलं असतं.

“चित्र झालं का?” शोभनाताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

“व्हायचंय. वरची फुलं झाली. कळ्या राहिल्यात, टेबल राहिलंय.”

“मग? अर्धं आणशील तर दारातून परत पाठवीन. भरतकाम अर्धं टाकून उठलेली मुलगी मी वर्गात कधी घेतली नाही. पूर्ण कर, मग ये. मी कुठे जाऊन राहिली?”

सगळे हसले. रेणूही हसली आणि तिने ते बोलणं धरून ठेवलं. आपल्या आईने आपल्याला मोकळं केलं आहे, हे तिला कळलं नसेल असं नाही. पण त्या वाक्याच्या आधारावर माणसाला थांबता येत होतं. वकिलाच्या वाक्यावर थांबण्यापेक्षा ते बरं वाटत होतं.

त्यानंतर ती जिवाच्या आकांताने काम करू लागली, म्हणजे जास्त सावकाश. तेलरंगाला घाई चालत नाही. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा लावला की पुढे भेगा पडतात. मी एकदा म्हटलं, “कोण बघणार आहे भेगा? वीस वर्षांनी पडतील.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तिचं बरोबर होतं. उन्हाळाभर मंगळवारमागून मंगळवार गेले. कळ्या झाल्या. काचेच्या भांड्यातल्या पाण्यात देठ तुटलेले दिसतात, ते झाले. टेबलाचा रंग झाला. पडलेलं फूल आणि पाकळ्या, तेवढी जागा तिने मोकळी ठेवली. आईने नको म्हटलं होतं, आणि नक्कल म्हणावी तर ते हवं होतं. तिचं ठरत नव्हतं.

शेवटच्या एका कॉलमध्ये मी कॅनव्हास धरला तेव्हा शोभनाताईंनी डोळे उघडले, पण त्या चित्राकडे बघत नव्हत्या. रेणूकडे बघत होत्या.

“वर धरू का?” मी विचारलं.

“राहू द्या, काका,” त्या म्हणाल्या. “पोरीला बघू द्या.”

मी कॅनव्हास खाली घेतला.

शोभनाताई गेल्या तो सोमवार होता. फोन आला तेव्हा रेणू क्लासमध्ये होती. तिने मुलांना घरी पाठवलं नाही, तास पूर्ण केला. एका मुलीने सूर्यफूल काढलं होतं, त्याच्या देठाचा बाक कसा चुकला ते तिला नीट दाखवून दिलं. मग वर आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. हे मला संजीवने सांगितलं.

अंत्यसंस्कार फोनवरच बघितले. परीक्षितला विधी करायचे, म्हणून फोन त्याच्या मित्राच्या, परागच्या हातात होता. तो बिचारा गर्दीत उभा, फोन कधी आभाळाकडे जायचा, कधी कोणाच्या पाठीवर. आम्ही चौघं सोफ्यावर बसलो होतो. मध्येच शोभनाताईंचा चेहरा दिसला आणि त्यांच्या अंगावरची फुलं. झेंडू, शेवंती, बाजारातले गुलाब.

“थांब, तिथेच धर,” रेणू ओरडली. “परागला सांगा कोणीतरी, हलवू नकोस!”

पण तिकडे आवाज बंद केलेला होता.

प्रवासाचा परवाना नंतर आला. किती नंतर, ते सांगून काही उपयोग नाही.

म्युझियमच्या परवानगीचा शेवटचा मंगळवार मात्र त्याच्या आधी होता. मला वाटलं ती जाणार नाही. ती आली. पेटी मी धरली. तिने रंग काढले, ब्रश घेतला आणि त्या पडलेल्या फुलासमोर बसली. फुलाची मागची बाजू वर आली आहे, हिरवा देठ आपल्याकडे, पाकळ्या टेबलावर दबलेल्या. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ब्रश कोरडाच होता.

परतीच्या ट्रेनमध्ये गर्दी नव्हती. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती.

“आधी कोणतं पडणार, ते फुलांचं मला कळत होतं, काका,” ती म्हणाली. मी पेटी मांडीवर धरून बसलो.

ऑक्टोबरमध्ये ती नागपूरला गेली. चित्र बॅगेत बसलं. बसायलाच हवं होतं, माप त्यासाठीच घेतलेलं. ती तिकडे असताना मला फोन आला नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन गॅरेजमध्ये आली. तिकडच्या दमट हवेने कापड सैल पडलं होतं. मी पाचरी हळूहळू ठोकल्या आणि ती शेजारी स्टुलावर बसून सांगत गेली.

घरी पोचल्यावर परीक्षितने चित्र आईच्या फोटोखाली लावायचं म्हटलं. तिला ते नको होतं. अर्धं चित्र दारातून परत पाठवीन, असं म्हणणारं माणूस फोटोत होतं. झोप उलटीपालटी झालेली, म्हणून ती पहाटे बाहेर पडली. कोपऱ्यात आईची आकडीची काठी उभी होती, ती सहज हातात घेतली. पद्मिनीकाकूंच्या कंपाउंडशी गेली. प्राजक्ताची फांदी रस्त्यावर तशीच होती. खाली कालची, परवाची फुलं सुकून काळी पडलेली. कोणी वेचत नव्हतं. त्यांच्यावर आजची थोडी ताजी.

ती काठी घेऊन उभीच राहिली. हात उचलला जाईना.

तेवढ्यात खिडकी उघडली.

“कोण आहे तिथे?” मग थोड्या वेळाने, “रेणू का गं?”

पद्मिनीकाकू दार उघडून बाहेर आल्या. गुडघे दुखतात, भिंतीला धरून धरून आल्या. रेणूला वाटलं आता समजूत घालतील, रडतील. त्यांनी तिच्या हातातली काठी घेतली.

“तुझी आई गेल्यापासून पाच वाजता जाग येते आणि भांडायला कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “काय बघून राहिली? ओंजळ धर.”

आणि त्यांनी आकडी फांदीत अडकवून झाड जोरात हलवलं.

“घे,” त्या म्हणाल्या. “पडली.”

रेणू इथपर्यंत सांगून थांबली. मी शेवटची पाचर ठोकली आणि कॅनव्हास उलटा केला.

जिथे मोकळी जागा होती तिथे पडलेला गुलाब नव्हता, पाकळ्याही नव्हत्या. टेबलावर प्राजक्ताची फुलं होती, केशरी देठांची, काही उलटी, काही सुलटी. फ्रेंच चित्रात हे कुठेच नाही. म्युझियमवाले याला नक्कल म्हणणार नाहीत.

“अंगणात बसून काढली,” ती म्हणाली. “प्राजक्त उन्हात टिकत नाही. काकू सारख्या ओरडत होत्या, लवकर कर, लवकर कर.”

मी चित्र उजेडात धरलं. डावीकडची फुलं ताजी आहेत. उजवीकडे जावं तशी ती मिटत गेली आहेत, आणि टेबलाच्या कडेची शेवटची फुलं तपकिरी पडलेली, देठापाशी गोळा झालेली. तीही तेवढ्याच निगुतीने काढली होती. कुठे घाई दिसली नाही.

“फ्रेम कोणती लावू?” मी विचारलं.

“साधी,” ती म्हणाली. “आणि इथेच ठेवा थोडे दिवस. घरी नको.”

चित्र अजून माझ्याकडे आहे. फ्रेम झाली आहे. कोपऱ्यात फट नाही.